चाल ओळखू आली पाहिजे

माणूस दुरून ओळखू येतो तो चालीवरून. रस्त्याच्या टोकाला नुसती आकृती दिसते, नाक-डोळे काही कळत नाहीत, तरी आपण म्हणतो, ‘ते बघ, बाबा आले.’ डावा खांदा किंचित पुढे टाकत चालायची माझ्या बाबांची लकब आहे. अल्बम कितीही चाळले तरी ती सापडत नाही, कारण फोटोत चाल येत नाही. ती आहे फक्त घरच्या शूटिंगमध्ये. म्हणून ते शूटिंग मोठ्या टीव्हीवर लावलं आणि अडकत अडकत चालायला लागलं, की मला फार लागतं. चित्र स्वच्छ असतं, शर्टाच्या रेघा मोजता येतात, आणि तरी पडद्यावरचा माणूस बाबा वाटत नाही. पाऊल उचललं जातं, हवेत थबकतं आणि एकदम पुढे पडलेलं दिसतं. खांद्याची ती लय कुठेच नसते.

एचडी म्हटलं की सगळे ठिपके मोजतात. १९२० बाय १०८०, म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून जास्त पिक्सेल. टीव्हीच्या खोक्यावर तेच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. सेकंदाला किती चित्रं, याची चौकशी फारसं कोणी करत नाही. खरी गोम तिथे आहे. कॅमेऱ्याने सेकंदाला जितके क्षण टिपले तितकेच, त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने काचेवर उमटले, तर साध्या टीव्हीवरही शूटिंग विनाधक्का चालतं. वाटेत कोणी एखादा क्षण गाळला, दोनदा दाखवला किंवा पुढेमागे केला, तर कितीही महागाचा टीव्ही आणा, चाल बिघडणारच. घरचं शूटिंग टीव्हीवर नीट दिसावं म्हणून जे काही करायचं, ते सगळं या एका गोष्टीच्या राखणीसाठी करायचं, असं माझं ठाम मत आहे.

धक्के बसले की पहिला संशय येतो तो पेनड्राइव्हवर, नाहीतर केबलवर. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ साली एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली. घराघरांतल्या एचडी कॅमकॉर्डरमधलं बरंचसं शूटिंग त्याच पद्धतीचं. त्यातलं चित्र एच.२६४ या व्हिडिओच्या पद्धतीने आवळलेलं, म्हणजे कमी जागेत बसवलेलं असतं आणि सुरुवातीच्या नियमांप्रमाणे त्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २४ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाइट. एवढं तर साधा पेनड्राइव्ह सहज पुरवतो. दहा क्रमांकाच्या वर्गातलं एसडी कार्ड सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहून घेण्याची हमी देतं. तेव्हा माल पोचत नाही अशी तक्रार सहसा नसतेच. अडतं ते पोचलेला माल उलगडण्यात. तीच चित्रं न आवळता ठेवायची तर सेकंदाला साधारण ७८ मेगाबाइट लागतील. ते ३ मध्ये बसवलेत. हे बसवताना कॅमेऱ्याने केलेली सगळी हातचलाखी प्लेअरला प्रत्येक सेकंदाला, सेकंदाच्या आत, उलटी करावी लागते.

ही हातचलाखी मला फार सुंदर वाटते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र संपूर्ण साठवलेलं असतं. मधली सगळी चित्रं म्हणजे नुसते फरक: मागच्या चित्रातला हा तुकडा उचला, जरा उजवीकडे सरकवा, इथे थोडं उजळ करा. काही चित्रं तर मागच्या आणि पुढच्या, अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने रचलेली. म्हणजे मधला क्षण दाखवायचा तर त्याच्या नंतरचा क्षण आधी उलगडून हाताशी ठेवावा लागतो. प्लेअर थोडं पुढचं बघून ठेवतो आणि मग मागचं दाखवतो. २००३ पासून मिनिडीव्ही टेपवर एचडीव्ही नावाची पद्धत होती. तिचा वेगही सेकंदाला २५ मेगाबिट, पण तिच्यातलं एमपेग-२, म्हणजे आवळण्याची आधीची पद्धत, उलगडायला सोपं. नंतरच्या एव्हीसीएचडीने तेवढ्याच किंवा कमी जागेत जास्त तपशील बसवला आणि उलगडण्याचं ओझं वाढवून ठेवलं. जुन्या कॉम्प्युटरवर एचडीव्ही धावायचं आणि एव्हीसीएचडी रांगायचं, त्याचं कारण हे. आता ग्राफिक्सच्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा भागच असतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू असेल तर प्रोसेसर निवांत असतो. बंद असेल तर पंखा घोंघावायला लागतो आणि चित्र थबकतं. आधी एवढं बघून घ्यावं. कित्येकांचं दुखणं इथेच संपतं.

पण माझं खरं प्रेम आणि खरी काळजी आहे ती पुढच्या गोष्टीबद्दल.

त्या काळातले बरेचसे कॅमकॉर्डर पूर्ण चित्रं टिपतच नसत. ज्या देशांत टीव्हीचा ठेका पन्नासाचा, तिथे ते सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपत. आधी विषम रेघा, १, ३, ५ अशा. मग एक पन्नासांश सेकंदाने सम रेघा, २, ४, ६. प्रत्येक अर्ध्यात ५४० रेघा. याला इंटरलेस म्हणतात आणि फाइलवर १०८०आय असं लिहिलेलं दिसतं. साठाच्या ठेक्याच्या देशांत हेच सेकंदाला जवळपास ६० वेळा, नेमकं सांगायचं तर ५९.९४ वेळा. ही रीत जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीपासून चालत आली. तो टीव्ही अशाच एकाआड एक रेघा रंगवायचा, त्यामुळे तिथे कोणाला काही खटकत नसे. आताचा सपाट टीव्ही पूर्ण चित्र एकदम दाखवतो. त्याला दोन अर्ध्यांचं काहीतरी करावंच लागतं.

काय करतात ते एकदा जवळून बघा. झोक्यावरच्या मुलीचं शूटिंग कॉम्प्युटरवर लावा आणि झोका सर्वांत खाली, सर्वांत वेगात असताना पॉज करा. प्लेअर स्वतःहून ते झाकत नसेल, तर झोक्याची दोरी सरळ दिसायच्या ऐवजी तिच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतील. मुलीची वेणी दोन जागी, अर्धी इथे आणि अर्धी तिथे. मागची भिंत मात्र एकदम स्वच्छ, कारण भिंत हलली नाही. दोन अर्धी चित्रं नुसती एकमेकांत विणली की असं होतं: दोन वेगळे क्षण एकाच चित्रात कोंबले जातात. त्या दातांची लांबी म्हणजे एक पन्नासांश सेकंदात वेणी जितकी सरकली तितकं अंतर. चाल नेमकी तिथे साठवलेली असते, त्या दातांत.

हे दात घालवायचा सोपा, आळशी उपाय म्हणजे अर्ध्यातलं एक फेकून द्यायचं, नाहीतर दोन्ही घोटून एक करायचं. मग सेकंदाला २५ चित्रं उरतात. पॉज केल्यावर सुरेख दिसतं. चालवल्यावर झोका जड होतो, वेणी ठिपक्याठिपक्यांनी जाते. फुकटात मिळणारे कितीतरी कन्व्हर्टर न विचारता हेच करतात, आणि माणूस फाइल लहान झाली म्हणून खूश होतो. त्या मुलीच्या झोक्यातले निम्मे क्षण कायमचे गेले हे त्याला कोणी सांगतच नाही. मला याचा मनापासून राग येतो. मूळ फाइल जपून ठेवली असेल तर ठीक. पण पुष्कळ घरांत कन्व्हर्ट झालं की मूळ पुसून टाकतात.

योग्य उपाय असा की प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र करायचं. जिथे काही हललं नाही तिथे शेजारच्या अर्ध्यातल्या रेघा घ्यायच्या. जिथे हललं तिथे वरच्या-खालच्या रेघांवरून मधली रेघ अदमासाने भरायची. मग सेकंदाला ५० पूर्ण चित्रं मिळतात आणि झोका झोक्यासारखा जातो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये डीइंटरलेसच्या, म्हणजे अर्ध्यांची पूर्ण चित्रं करण्याच्या, यादीत ‘यादिफ’ आणि ‘यादिफ २एक्स’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. पहिला २५ देतो, दुसरा ५०. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये फाइल करायचीच असेल तर डीइंटरलेसमध्ये ‘बॉब’ निवडायचं आणि चित्रांचा वेग २५ वर अडकवून ठेवायचा नाही. दोन पर्यायांतला फरक कळण्यासाठी डोळे तयार असावे लागत नाहीत. आईला दोन्ही दाखवले, काही न सांगता. दुसरं लावल्यावर ती म्हणाली, ‘हे खरं वाटतंय.’

अर्ध्यांचा क्रमही सांभाळावा लागतो. एचडी कॅमकॉर्डर वरचं अर्धं आधी लिहितात. जुने डीव्ही टेपवाले खालचं आधी लिहायचे. दोन्ही पिढ्यांचं शूटिंग एकाच प्रोजेक्टमध्ये टाकून एडिट केलं आणि सॉफ्टवेअरला हे नीट सांगितलं नाही, तर हलणारी प्रत्येक गोष्ट एक पाऊल पुढे, अर्धं मागे, पुन्हा पुढे अशी थरथरते. स्थिर दृश्यात काहीच कळत नाही. कोणी हात हलवला की लगेच कळतं.

आता ठेक्याचा हिशेब. फाइल सेकंदाला ५० ची, आणि कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर तो बहुधा साठाच्या ठेक्यावर चित्र पाठवतो, कारण त्याची सवय तीच. ५० चित्रांनी ६० जागा भरायच्या. मग दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवलं जातं, म्हणजे सेकंदाला दहा वेळा अडखळणं. चेहऱ्यावर स्थिर कॅमेरा असेल तर ते जाणवतही नाही. पण कॅमेरा हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवलेला असेल, तर खांब आणि खिडक्या एका लयीत सरकायच्या ऐवजी कुरकुरत सरकतात. यावर उपाय अगदी साधा. कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ५० हर्ट्झ निवडायचं. कोडी हा प्लेअर वापरत असाल तर चित्राप्रमाणे टीव्हीचा ठेका बदलण्याचं सेटिंग आहे. ते चालू केलं की फाइल सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो आणि टीव्ही पन्नासावर येतो. तो काळा क्षण मला आवडतो. कॅमेरा आणि टीव्ही एका तालात आले, हे त्यावरून कळतं.

हे सगळं बाजूला ठेवून एक गोष्ट आधी करून बघावी, असं मी सगळ्यांना सांगते. कॅमकॉर्डरच एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. कॅमेऱ्याच्या बाजूचं तोंड बहुधा लहान, मिनी एचडीएमआयचं असतं, तेवढी केबल मिळवा. ज्याने ते शूटिंग आवळलं तोच ते उलगडतो, त्याच्यासाठीच बनवलेल्या चिपने, आणि १०८०आय जसंच्या तसं टीव्हीकडे देतो. दोन अर्ध्यांचं एक करण्याचं काम मग टीव्ही करतो, आणि त्याला हे काम नवीन नाही, कारण एचडी वाहिन्यांचं प्रसारण कित्येक ठिकाणी १०८०आयमध्येच येतं. आपलं शूटिंग खरं कसं दिसायला हवं, हे यातून एकदा डोळ्यांना समजतं. नंतर पेनड्राइव्हवरून, कॉम्प्युटरवरून, कशावरूनही लावा. त्याच्याशी ताडून बघता येतं. कोणत्या टप्प्यावर काय बिघडलं ते लगेच पकडता येतं. रोजच्या वापराला हा मार्ग गैरसोयीचा आहे, कार्डावर असेल तेवढंच दिसतं, हे मान्य. पण निकष म्हणून याला तोड नाही.

पेनड्राइव्ह थेट टीव्हीत खुपसणं सर्वांत सोयीचं, आणि टीव्हीला फाइल झेपली तर सर्वांत चांगलंही. झेपण्याचा प्रश्न येतो तो २०११ नंतरच्या शूटिंगला. त्या वर्षी एव्हीसीएचडीचे नियम वाढवून सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण चित्रं, २८ मेगाबिटपर्यंत, अशी सोय झाली. अर्ध्यांचा सगळा गुंता संपला. मला विचाराल तर घरच्या कॅमेऱ्यांत झालेली ही सर्वांत मोलाची सुधारणा. पण एच.२६४ मध्ये अवघडपणाच्या पायऱ्या असतात. ब्लू-रे आणि त्या काळचे पुष्कळसे टीव्ही ४.१ या पायरीपर्यंत तयार होते, आणि ५० पूर्ण चित्रांना ४.२ लागते. साध्या ब्लू-रेच्या नियमांत १०८० रेघांची ५० पूर्ण चित्रं बसतच नाहीत. म्हणून त्याच कॅमेऱ्याच्या जुन्या मोडमधली फाइल टीव्हीवर छान चालते आणि चांगल्या मोडमधली आवाज देते पण चित्र गोठवते. फाइल खराब नसते. अशा टीव्हीला एखादा लहान मीडिया बॉक्स जोडला की काम होतं, आणि फाइलला हात लावावा लागत नाही.

वायरलेसवर मी फार वेळ घालवणार नाही. घरातल्या राउटरचा वेग कागदावर भरपूर असतो, पण व्हिडिओला सरासरी वेग पुरत नाही, तो सतत सारखा लागतो. भिंतीपलीकडे असलेल्या टीव्हीला २८ मेगाबिट अखंड पोचवायचे तर केबल टाकावी. साधी १०० मेगाबिटची केबलसुद्धा मुबलक होते. आणि डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला व्हिडिओ पाठवण्याच्या सोयीने, शूटिंग पाठवत असाल तर पाठवणारा सर्व्हर ते वाटेत पुन्हा आवळत नाही ना, ते तपासावं. काही सर्व्हर टीव्हीवर विश्वास न ठेवता सरसकट सगळं नव्याने बनवून पाठवतात. ते बंद करता येतं.

लांबलचक शूटिंगचं एक वेगळंच दुखणं आहे. कार्डावरची फॅट३२ ही जुनी मांडणी ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवू देत नाही. म्हणून शूटिंग चालू असतानाच कॅमेरा गुपचूप फाइल तोडतो आणि दुसरी सुरू करतो. २८ मेगाबिटच्या सर्वांत वरच्या दर्जात ४ जीबी साधारण २० मिनिटांत भरतात. कोणाचं भाषण किंवा गाणं चालू असेल तर शब्दाच्या मध्यावरच तोड पडते. कॅमेऱ्याला स्वतःला ती कळते, कारण कोणते तुकडे एकाच शूटिंगचे याची नोंद तो शेजारच्या प्लेलिस्टच्या फोल्डरमध्ये ठेवतो. आपण नुसत्या .एमटीएस, म्हणजे व्हिडिओच्या, फाइली उचलून पेनड्राइव्हवर टाकल्या, की ती नोंद मागे राहते आणि टीव्ही पहिली फाइल संपवून, क्षणभर थांबून, दुसरी सुरू करतो. गाण्याची तान तिथे तुटते. कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने कार्ड उतरवलं तर ते तुकडे नीट सांधून देतं. इतर मार्गांनीही जोडता येतात, पण सांध्यावरचा आवाज कान देऊन ऐकल्याशिवाय मी तुकडे पुसत नाही.

टीव्हीच्या स्वतःच्या हौशीबद्दलही बोललं पाहिजे. बहुतेक टीव्हींत हालचाल गुळगुळीत करण्याचं सेटिंग असतं. दोन चित्रांच्या मध्ये काय झालं असेल याचा अंदाज करून टीव्ही स्वतः नवी चित्रं घालतो. २५ पूर्ण चित्रांवर टिपलेल्या शूटिंगला त्याची थोडी मदत होते. ५० असलेल्याला त्याची गरज नसते. वेगाने हललेल्या हाताभोवती एक पाणीदार वलय येतं, बोटं क्षणभर विरघळतात. न घडलेला क्षण घडलेल्यांच्या रांगेत घुसवलेला मला घरच्या शूटिंगमध्ये नको आहे. मी ते बंद ठेवते. तसंच चित्राच्या कडा कापण्याचं सेटिंगही बंद करावं. घरच्या शूटिंगमध्ये कडेलाच कोणीतरी उभं असतं, आणि ते अर्धं कापलं जातं.

उरला प्रश्न फाइल बदलण्याचा. टीव्ही .एमटीएस हे नाव बघूनच नकार देत असेल, तर चित्राला हात न लावता फक्त वेष्टन बदलता येतं. एफएफएमपेगसारखं साधन आतलं चित्र आणि आवाज जसंच्या तसं उचलून दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतं. पुन्हा आवळणं नाही, म्हणून एकही क्षण गळत नाही, आणि तासाचं शूटिंग काही मिनिटांत होतं. पुन्हा आवळून केलेली फाइल ही वेगळी गोष्ट. तिच्यात तपशील थोडा तरी घटतोच, आणि आणखी एक गोष्ट हमखास जाते. एव्हीसीएचडी कॅमेरे शूटिंगची तारीख आणि वेळ चित्राच्या प्रवाहातच, चित्रांच्या बरोबरीने लिहीत जातात. फाइलची तारीख कॉपी करताना बदलली तरी आतली बदलत नाही. कॅमेऱ्यावरून टीव्हीला लावलं आणि मेनूत ते चालू केलं, तर कोपऱ्यात वेळ पुढे सरकताना दिसते. बाबा फाटकातून आत येतात तेव्हा सकाळचे किती वाजले होते, हेही कळतं. कन्व्हर्टरमधून फाइल काढली की बहुधा ही नोंद पुसली जाते आणि मग सगळ्या शूटिंगची तारीख एकच दिसते: कन्व्हर्ट केल्याची.

म्हणून कार्ड उतरवताना मी त्यावरचं ‘प्रायव्हेट’ हे फोल्डर आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, एकही नाव न बदलता, हार्ड डिस्कवर घेते, आणि तीच प्रत दुसऱ्या डिस्कवर. टीव्हीसाठी हवी ती फाइल त्यातून वेगळी काढते. उद्या टीव्ही बदलला, जास्त चांगला प्लेअर आला, तर ती पुन्हा काढता येते.